दुखवट्याची संत्री

मी, तोकुजिरो हमागुची, वडिलांचे नाव कै. योसाकु हमागुची, वय एकसष्ट, धंदा न्हावी, जन्म वाकायामा प्रांतातल्या किनाऱ्यावर, पुढे उमेदीची सारी वर्षे अमेरिकेतल्या टर्मिनल बेटावर, आणि गेल्या वसंतापासून मुक्काम आम्हा जपान्यांना कोंडण्यासाठी उभारलेली ड्राय क्रीक छावणी, ब्लॉक बावीस, बराक सात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हातही थरथरत नाही. शंका असेल त्याने अक्षर पाहावे. यापुढे 'कोणाच्याही धाकाशिवाय' असे लिहायची रीत आहे, पण ते मला लिहिता येत नाही. मला धाक आहे. पहिल्याच परिच्छेदात खोटे लिहिले तर पुढच्या कलमांवर कोण विश्वास ठेवणार?

माझी वारस एकच, मुलगी मित्सुए, वय वीस. ती अमेरिकेतच जन्मली, त्यामुळे माझी जपानी लिपी तिला अडखळत वाचता येते. माझ्या पश्चात हे सगळे इथल्या बौद्ध मठाचे पुजारी श्री. कुनिमी यांनी तिला वाचून दाखवावे आणि पुढची व्यवस्थाही त्यांनीच पाहावी. जिथे मी रागावून लिहिले आहे तिथे त्यांनी आवाज मऊ करू नये. त्यांना ती खोड आहे.

कलम पहिले. घर.

घर नाही. जपानहून आलेल्या आमच्यासारख्याने जमीन घेऊ नये असा त्या राज्याचा कायदा होता, म्हणून दुकान भाड्याचे आणि राहणे दुकानामागे. जपानशी युद्ध लागल्यावर बेट सोडायचा हुकूम आला तेव्हा आवरायला जेमतेम दोन दिवस मिळाले. त्या दोन दिवसांत एक भंगारवाला गाडी घेऊन गल्लोगल्ली फिरत होता. माझ्या दोन खुर्च्या आणि तीन आरसे त्याने लोखंडाच्या भावात मागितले. मी म्हणालो, आरसे बेल्जियमचे आहेत. तो म्हणाला, "मग बरोबर घेऊन जा की! पण तुम्हाला आता तोंड दाखवायला जागा कुठं राहिलीय?"

माझी बायको नुई हे ऐकत होती. तिने प्रत्येक आरशावर तोंडाची वाफ सोडली, कोरड्या फडक्याने तो लख्ख पुसला आणि मगच त्याच्या हातात दिला. मी चिडलो. ती म्हणाली, "हमागुचींनी मळका आरसा विकला असं कुणी म्हणायला नको." आमच्या घरात हे असे होते. पुढचे समजायला ही गोष्ट उपयोगी पडेल.

त्या भंगारवाल्याला मी माफ केलेले नाही, आणि माफ करण्याचा हक्क वारसाकडेही देत नाही.

बराक सातमधली खोली सरकारची आहे. फळ्यांच्या फटींतून येणारी वाळूही सरकारचीच. खोलीतली मांडणी, दोन स्टुले आणि पडद्याची काठी मी फुटक्या खोक्यांपासून केली. आमच्या मागून जे कोणी राहायला येतील त्यांनी ती वापरावी.

कलम दुसरे. पैसा.

बँकेत जे काही आहे ते युद्ध लागल्यापासून अडकून पडले आहे. कधी सुटलेच तर मित्सुएचे.

कलम तिसरे. हत्यारे.

पाच वस्तरे, दोन कात्र्या, चामडी पट्टा आणि गावाकडून आणलेला धारेचा दगड. दगड माझ्या गुरूंचा. तो मधोमध इतका झिजला आहे की त्यात पाणी साठते. मित्सुएला या धंद्यात रस नाही. लहानपणी ती म्हणायची, "बाबा, दिवसभर दुसऱ्यांची डोकी धरून कंटाळा नाही येत?" तरी दगड तिने ठेवावा. स्वयंपाकघरातल्या सुरीलाही त्याने धार येते.

वस्तरे आणि कात्र्या मी गेल्या आठवड्यातच कुनिमींकडे नेऊन ठेवल्या. माझ्यावर कोणी चालून आले आणि माझ्याजवळ वस्तरा सापडला, तर उद्या ते म्हणतील की न्हाव्यानेच आधी हात उगारला. ही संधी मी कोणाला देणार नाही.

तसेही छावणीतल्या माझ्या दुकानात आता हत्यारांना काम नाही. ब्लॉक बावीसमध्ये माझ्या वस्तऱ्याखाली मान देणारा माणूस उरलेला नाही. शेवटचे गिऱ्हाईक इसामु काकिता. तो बेटावर आमच्या शेजारी वाढला, त्याचे जावळ मी काढले, आणि आता सव्वीस वर्षांचा हा आडदांड पुरुष ट्रकवर पोती चढवतो. तो खुर्चीत बसला, दाढी करा म्हणाला. मी फेस लावला, अर्धा गाल केला. मग तो डोळे मिटूनच बोलला.

"काका, शनिवारी तुम्ही त्या कोठारवाल्या साहेबाची दाढी करायला जायचात, तेव्हाही वस्तरा असाच त्याच्या गळ्यावर असायचा ना?"

"असायचा."

"मग तो जिवंत कसा उठायचा?"

"इसामु, मी न्हावी आहे."

"न्हावीच आहात ना? बरं झालं सांगितलंत. लोक वेगळंच काही म्हणतात."

तो उठला, अर्ध्या तोंडाला फेस तसाच, आणि सगळ्यांना दिसेल असा ब्लॉकच्या मधल्या रस्त्याने चालत गेला. त्यानंतर दुकानात कोणी आले नाही.

कलम चौथे. संत्री.

हे कलम मालमत्तेचे नाही, पण मला जे होणार आहे ते यातूनच होणार आहे. मित्सुएला ते सरळ कळावे म्हणून लिहितो.

ऑक्टोबरात नुई छावणीच्या इस्पितळात गेली. आधी खोकला, मग ताप, मग काही नाही. अंत्यविधीला ब्लॉकमधल्या सगळ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे दुखवट्याचा आहेर आणला. शेवटी कोठारावरचे साहेब श्री. बार्लो आले. नुई त्यांच्या कचेरीत फरशी पुसायला जात असे. त्यांनी टोपी काढली, आणि करंडीभर संत्री ठेवून गेले. मनाने माणूस चांगला. पण दुखवट्याचा आहेर म्हणजे काय, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

आमच्यात दुखवट्याचे ओझे मेलेल्याच्या डोक्यावर ठेवत नाहीत. एकोणपन्नास दिवस झाले की ज्याने जे आणले त्याच्या निम्म्याचे काहीतरी त्याच्या घरी पोचवायचे. मग मेलेला माणूस मोकळा होतो. ब्लॉकमधल्या सगळ्यांना मी साबणाच्या वड्या वाटल्या. बार्लोंकडे काय न्यावे? नुईने लाकडाचे छोटे रंगवलेले पक्षी केले होते, कोटाला लावायचे. त्यातला एक मी कागदात गुंडाळला आणि फाटकावर पास काढून त्यांच्या घरी गेलो.

मित्सुए म्हणाली होती, "बाबा, त्याला काय कळणार आहे? राहू द्या ना!"

"त्याला नाही कळणार. तुझ्या आईला कळेल."

"आई गेली, बाबा."

"म्हणूनच."

आता पुढची गंमत ऐका. गंमतच म्हणतो, कारण डिसेंबरात मी आणि मित्सुए यावर पोट धरून हसलो होतो. मी देणे फेडले हे बार्लोंना समजलेच नाही. त्यांना वाटले, ही नवी भेट. नाताळात ते भर दुपारी माझ्या दुकानात आले, सहा माणसे बसलेली असताना, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली डुकराची अख्खी तंगडी माझ्या मांडीवर ठेवली! मी ती ब्लॉकभर वाटली. काकितांच्या घरीही गेली. खाल्ली त्यांनी. पण निम्मे परत करायचे तर एवढ्या मांसाच्या निम्मे मी आणू कुठून? माझ्याकडे फक्त माझे हात. मी जानेवारीभर दर शनिवारी पेटी घेऊन कुंपणाबाहेर गेलो आणि त्यांची दाढी करून आलो. जाताना सगळा ब्लॉक पाहत होता. येतानाही पाहत होता.

फेब्रुवारीत सरकारकडून सगळ्यांना छापील प्रश्न आले: अमेरिकेशी एकनिष्ठ आहात का, तिच्यासाठी लढाल का. इसामुचा धाकटा भाऊ मासाओ भोजनगृहात टेबलावर चढून बोलला. आधी आमची घरे घेतलीत, आता शपथ मागता, असे त्याचे म्हणणे. बोलला चांगले. दारे सताड उघडी होती, पहारेकरी बाहेर सिगारेट ओढत होता. दोन दिवसांनी शिपाई आले आणि मासाओला दुसऱ्या छावणीत घेऊन गेले, जिथे कैद्यांना ठेवतात तिथे. शेकडो माणसांपुढे ओरडून सांगितलेली गोष्ट कळवायला कुत्रा कशाला लागतो?

पण लोकांना कुत्रा लागला, आणि तो मी ठरलो. आमच्यात चुगलखोराला कुत्रा म्हणतात. सकाळी दार उघडले तर पायरीवर भोजनगृहातली हाडे. दुसऱ्या सकाळीही. मी न्हाणीघराच्या हौदात उतरलो की बाकीचे एकेक करून बाहेर पडतात, आणि मी एकटा गरम पाण्यात बसून राहतो. मित्सुए ताट घेऊन रांगेत उभी राहिली की मागून कोणीतरी भुंकते. ती मागे वळत नाही. आईवर गेली आहे.

ब्लॉक एकतीसच्या शिंप्यावर हाच शिक्का बसला होता. त्याला न्हाणीघराच्या मागे गाठले. आता त्याला एका डोळ्याने दिसत नाही, आणि त्याचे बोलणेही कोणाला नीट कळत नाही.

माझी चूक झाली का? मी पुष्कळ विचार केला. नाही. पुन्हा संत्री आली तर पुन्हा मी तेच करीन. नुईने पुसलेल्या आरशांचा विचार केला की दुसरे काही सुचत नाही. मात्र मित्सुएला माझी आज्ञा आहे: माझ्यामागे बार्लो काही घेऊन आले तर ते घे, मान लवव, आणि काही परत करू नकोस. माझ्या डोक्यावरचे ओझे मी वाहीन. ब्लॉकमधल्या कोणी आहेर आणला तर निम्मे परत कर. काकितांनी आणला तरी घे.

कलम पाचवे. मी इथेच का राहिलो.

बार्लोंच्या कानावर हाडांची गोष्ट गेली. त्यांनी मला आणि मित्सुएला बोलावले. मित्सुएने त्यांचे बोलणे मला सांगितले: कुंपणाबाहेर, शिपायांच्या बराकीशेजारी दोन खोल्या आहेत, आजच या, पहारा देऊ. सांगताना तिचा आवाज चिरकत होता. तिला जायचे होते.

मी नाही म्हणालो. तिथे पाऊल ठेवले की मी कुत्रा ठरलो, कायमचा. या छावणीतून त्या छावणीत बातमी जाते. उद्या मित्सुए कुठेही गेली, कुठल्याही जपानी घरात लग्नाची बोलणी निघाली, की कोणीतरी म्हणणार, "हमागुची? तोच ना, शिपायांच्या वळचणीला राहिलेला?" मेलेल्या माणसाबद्दल लोक निदान गप्प बसतात. पळालेल्याबद्दल बोलायचे कधी संपत नाही.

मला भीती वाटते. हे मी मित्सुएला कधी सांगितले नाही. न्हाणीघराकडे जाताना पाठ आपोआप ताठ होते. तरी मी रोज त्याच वेळी, त्याच वाटेने जातो. वाट बदलली तर कबुली दिल्यासारखे होईल.

कलम सहावे. देह.

दहन करावे. हाडे वेचताना दोघांनी मिळून काठ्यांनी एकेक उचलायचे असते, आधी पायांची, शेवटी डोक्याची, म्हणजे माणूस भांड्यात नीट उभा राहतो. मित्सुए एकटी पडेल. दुसऱ्या काठ्या कुनिमींनी धराव्यात. घशाचे हाड सर्वांत वर. माझे भांडे नुईच्या भांड्याशेजारी असावे, आणि दोन्ही मित्सुए राहील त्या घरात. या वाळूत आम्हाला ठेवू नये.

कलम सातवे. मित्सुए.

क्लीव्हलंडमध्ये एका शिवणघरात तिला काम मिळाले आहे. बाहेर जायचा परवाना हातात आहे. "तुम्हाला टाकून नाही जाणार," म्हणून तिने दोनदा बस सोडली. येत्या शुक्रवारच्या बसने तिने जायचेच. ही विनंती नाही.

मला काही झाले तर तिने शिपायांना कोणाचेही नाव सांगू नये. मीही सांगत नाही. नावे सांगितली तर आतापर्यंत खोटे होते ते त्या दिवशी खरे होईल.

साक्षीदारांबद्दल.

वरचे सगळे काल लिहिले. पहिली सही कुनिमींची. दुसरा साक्षीदार मिळेना. मी पाच जणांना विचारले. एकाने चष्मा हरवला म्हणून सांगितले, नाकावर चष्मा असताना! बाकीच्यांनी दारच उघडले नाही.

आज दुपारी, जेवणाची घंटा झाल्यावर, दारात खडावा वाजल्या. तोमे काकिता, इसामु आणि मासाओ यांच्या आई. आम्ही एकाच किनाऱ्यावरचे, त्या मला तरुणपणापासून ओळखतात. हात धुण्याच्या सोड्याने लाल झाले होते. त्या आत येऊन बसल्या, तेव्हा कुनिमी माझ्याकडे बसलेलेच होते.

"तोकु-सान, साक्षीदार मिळत नाही म्हणे तुम्हाला."

"नाही मिळत."

"बाईमाणूस चालतं का?"

"चालतं. फक्त मी सही करताना तुम्ही बघायचं. वाचायची गरज नाही."

"न वाचता मी कशावर सही करीन होय? द्या इकडं. सावकाश वाचते, अवघड अक्षरं येत नाहीत मला, अडले तर पुजारीबुवा सांगतील."

त्यांनी बोट ठेवून सगळे वाचले. त्यांच्या मुलाबद्दल लिहिलेलेही. मी उठून चहा ठेवला, कारण समोर बसवेना. वाचून झाल्यावर त्यांनी कागदांची चवड नीट केली.

"मासाओला कुणी पकडून दिलं नाही," त्या म्हणाल्या. "भाषण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो स्वतः कचेरीत गेला. तेच सगळं त्यांच्या तोंडावर बोलला, आणि नाव लिहून घ्या म्हणाला. मी बाहेर उभी होते. हाताला धरून ओढत होते त्याला, ऐकेल तर शपथ."

"इसामुला माहीत आहे?" मी विचारले.

"किती वेळा सांगितलं! म्हणतो, आई, तू घाबरून बोलतेस. धाकटा आपणहून गेला, मला न विचारता गेला, हे त्याला सोसतच नाही हो. कुणीतरी नेला असलाच पाहिजे त्याला."

"मग चारचौघांत का नाही बोललात?" कुनिमींनी विचारले.

"पोटच्या पोराला चारचौघांत खोटं पाडू? आजवर नाही जमलं, पुजारीबुवा." त्यांनी सातव्या कलमावर बोट ठेवले. "शुक्रवार लिहिलाय इथं. शुक्रवार लांब आहे, तोकु-सान."

मी विचारले, कधी?

"आज. आंघोळीच्या वेळेला. पोरीला संध्याकाळपर्यंत इथं ठेवू नका. ती मधे पडेल, आणि ती मधे पडली तर त्यांचे हात थांबतीलच असं नाही."

म्हणून सातव्या कलमात दुरुस्ती: 'येत्या शुक्रवारच्या बसने' याऐवजी 'आज, धुण्याच्या ट्रकने' असे वाचावे. ट्रक रेल्वेच्या गावाला जातो, कुनिमींना आज दुभाषीसह तिथे जायचा पास आहेच, आणि ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचा आहे. मित्सुएला सांगितले आहे की पुजाऱ्यांना दातांच्या डॉक्टरकडे न्यायचे आहे, दुभाषी हवी. तिचा परवाना, नुईचे भांडे आणि हे मृत्युपत्र कुनिमींच्या पिशवीत जातील. आगगाडीत बसवल्यावरच त्यांनी तिला खरे सांगावे. ती माझ्यावर फार चिडेल. चिडू द्यावे.

ट्रक उभा आहे. मित्सुए कोट घालून दारात आली आहे आणि म्हणते आहे, "बाबा, किती लिहिताय! गावातून काही आणायचंय का?" मी साबण सांगितला आहे. ती मान हलवून गेली. मला तिला जवळ घ्यायचे होते, पण आमच्यात तशी सवय नाही आणि तिला लगेच संशय आला असता.

मी संध्याकाळी नेहमीच्या वेळी न्हाणीघरात जाणार आहे. आज टाळले तर उद्या आहेच, आणि आता मला सांभाळण्यासारखे इथे काही उरले नाही. वर लिहिलेले सगळे मी विचारपूर्वक लिहिले आहे आणि खालील दोघांच्या देखत सही करत आहे.

तोकुजिरो हमागुची

साक्षीदार पहिला: गेनशो कुनिमी, पुजारी, ब्लॉक बावीस. लिहिणाऱ्याला मी ओळखतो. सही माझ्यासमोर झाली. आवाज मऊ करणार नाही.

साक्षीदार दुसरी, स्वतःच्या हाताने: या माणसाने माझ्या मुलाला पकडून दिले नाही. मासाओ आपल्या पायांनी गेला, मी पाहिले. हे मी माझ्या थोरल्या मुलाच्या विरुद्ध लिहून देत आहे, आणि कोणी विचारले तर सर्वांसमोर सांगेन. आज संध्याकाळी मी पुरुषांच्या न्हाणीघराच्या दारात बसणार आहे. आत जायचे असेल तर इसामुने मला ओलांडून जावे.

तोमे काकिता, इसामुची आई

ड्राय क्रीक छावणी, ब्लॉक बावीस
मंगळवार, ९ मार्च १९४३